एका ‘लाइन’चा दोरा

उन्हाळ्याच्या दुपारी कूलर घरघरत थांबला की नागपुरात पहिला प्रश्न येतो, ‘लाइन गेली का बे?’ पुण्याकडे अशा वेळी ‘लाइट’ जाते. आपली तक्रार जास्त नेमकी आहे असं माझं मत. जातो तो तारेतला पुरवठा. दिवा बिचारा जागच्या जागीच असतो. पण हेच वाक्य उचलून इंग्रजीत ठेवलं तर गोंधळ होतो. ‘द लाइन इज गॉन’ म्हटल्यावर इंग्रज माणसाला वाटेल, फोन कटला. त्याला ‘द पॉवर इज आउट’ सांगावं लागतं.

वीज तर आहेच. शिवाय बँकेत लाइन लागते, मेट्रोची ऑरेंज लाइन असते, जामठ्याच्या मैदानावर गोलंदाजाची लाइन चुकते, कुणाचा मुलगा मेडिकल लाइनला जातो आणि कुणाचा कॉलेजच्या गेटवर लाइन मारतो. शब्दकोशात या शब्दाखाली अर्थांची अशी जत्रा भरलेली असते की पाठ करायला बसलेला विद्यार्थी दमून उठतो. पाठ करूच नये. हा शब्द मुळात एका दोऱ्याचा आहे, आणि दोरा डोळ्यांसमोर ठेवला की बहुतेक अर्थ आपोआप उलगडतात.

तो दोरा जवसाचा. लॅटिनमध्ये जवसाला ‘लिनम’ म्हणत आणि त्याच्या तंतूंपासून वळलेल्या दोऱ्याला ‘लिनिया’. जवसाचं शास्त्रीय नाव आजही लिनम युसिटाटिसिमम आहे. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘अतिशय उपयोगी’. आपल्याला हे नातं चटकन पटत नाही, कारण विदर्भात जवस म्हणजे चटणी आणि तेल. भंडारा-गोंदियाकडे उभ्या धानात जवस फेकून उतेरा घेतात, नागपूरच्या कृषी महाविद्यालयातून एनएल-९७ सारखी वाणं निघाली, पण ही सगळी वाणं बियांसाठी. त्यांचं झाड बुटकं आणि फांद्यांचं. तंतूसाठी लावतात ते जवस उंच आणि दाट पेरलेलं असतं, म्हणजे फांद्या फुटत नाहीत आणि तंतू लांब मिळतो. मग अंबाडी सडवतात तशी खोडं सडवायची, कुटायची, विंचरायची. त्या कापडाचं नाव लिनन. बियांचं नाव लिनसीड, म्हणजे सरळ ‘जवस-बी’. बॅटला चोळतात ते तेल याचंच. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि तसं होताना तापतं, म्हणून तेलाची चिंधी चोळामोळा करून कोपऱ्यात फेकू नये. ती आपोआप पेट घेऊ शकते, पसरून वाळवावी. तेलाच्या याच गुणावर एकोणिसाव्या शतकात फरशीवर अंथरायचं लिनोलियम तयार झालं. लिनम म्हणजे जवस आणि ओलियम म्हणजे तेल. फ्रेंचमधून आलेला लाँजरी हा शब्दही मूळचा लिननच्या कपड्यांचाच.

आता दोरा ताणू या. हे सगळ्यात स्पष्ट दिसतं बांधकामावर. गवंडी भिंतीच्या दोन टोकांना एकेक वीट ओळंब्यात आणि पाणसळीत बसवतो, खिळे किंवा ठोकळे लावून वरच्या कडेला लाइनदोरी बांधतो आणि मधल्या विटा तिच्या आधाराने लावत जातो. (‘लाइनदोरी’ म्हणजे दोरीदोरी, ‘लेडीजबाई’सारखाच प्रकार, पण शब्द पक्का रुळलाय.) वीट दोरीला टेकली नाही पाहिजे, मध्ये एक-दोन मिलिमीटर फट हवी. एका विटेने जरी दोरी बाहेर ढकलली तरी पुढची प्रत्येक वीट त्या ढकललेल्या दोरीला प्रमाण मानते आणि भिंतीला पोट येतं. लांब भिंतीवर दोरी स्वतःच्या वजनाने मध्ये झोळ खाते. तिथे मधोमध एक वीट बरोबर पातळीत लावून दोरीला टेका द्यावा लागतो.

या एका दोरीत इंग्रजी शब्दाचे मुख्य अर्थ बांधलेले आहेत. दोरी सरळ असते, म्हणून लाइन म्हणजे रेघ. तिच्या बाजूने विटा लागतात, म्हणून रांग आणि कवितेची ओळ. ती दोन टोकं जोडते, म्हणून रेल्वेची लाइन, फोनची लाइन, मेट्रोची लाइन. तिच्या पलीकडे जायचं नसतं, म्हणून हद्द. आणि तिच्यामागे काम पुढे सरकतं, म्हणून धंद्याची लाइन, विचारांची लाइन.

गंमत म्हणजे आपण हेच ‘सूत’ या शब्दाबरोबर केलं. वात्रट मुलगा सुतासारखा सरळ होतो, दोघांचं सूत जुळतं, थोड्याशा पुराव्यावरून माणूस सुतावरून स्वर्ग गाठतो. सूत्र म्हणजे दोरा आणि सूत्र म्हणजे नियमही. सुताराच्या नावातही तेच सूत्र आहे. हार्डवेअरच्या दुकानात सूत हे माप होतं: एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सूत सळई मागितली की दुकानदार १० मिमी देतो, चार सूत म्हटलं तर १२, पाच सूत म्हटलं तर १६. हिशेबात चार सूत १२.७ मिमी होतात, पण बाजारात सळई १२ चीच. पाऊण मिलिमीटर म्हणून कुणी सोडून देईल, पण वजन व्यासाच्या वर्गाने बदलतं, १२.७ धरून काढलेला अंदाज १२ मिमीच्या सळईपेक्षा सुमारे बारा टक्के जास्त येतो.

इंग्रजांनीही लाइनचं माप केलं, आणि ते आपल्या शिंप्याकडे अजून जिवंत आहे. बटणांचा आकार लाइनमध्ये सांगतात. एक लाइन म्हणजे इंचाचा चाळिसावा भाग, ०.६३५ मिमी. शर्टाच्या पुढचं बटण बहुधा १८ लाइनचं, म्हणजे साधारण ११.४ मिमी, कॉलरच्या टोकाचं त्याहून लहान, कोटाचं समोरचं बटण ३२ लाइनचं, जवळजवळ २० मिमी. बटण तुटल्यावर रंग जुळवायला जाणारे पुष्कळ, आकार सांगणारे थोडे. मग १८ च्या काजात २० चं बटण कोंबलं जातं आणि काज फाटतं. जुनं बटण नसेल तर काज मोजा: पातळ बटणाच्या व्यासापेक्षा ते दोन-तीन मिमी लांब असतं. घड्याळजींची लाइन मात्र वेगळी, फ्रेंच इंचाचा बारावा भाग, सुमारे २.२६ मिमी. घड्याळाच्या मशिनचं माप त्यात सांगतात. दोन्हींची गल्लत केली तर साडेतीन पटींची चूक.

त्याच शिंप्याकडे ‘लायनिंग’ही मिळतं, म्हणजे अस्तर. ते रेघेवरून आलेलं नाही. पूर्वी जाड कपड्याला आतून लिननचं कापड लावत, त्यावरून ‘लाइन’ हे क्रियापद आतून थर देण्यासाठी वापरात आलं. त्यामुळे इंग्रजीत ‘लाइन्ड पेपर’ म्हणजे रेघांचा कागद आणि ‘लाइन्ड जॅकेट’ म्हणजे अस्तराचं जॅकेट. ‘लायनर’ या एका शब्दात तर तीन घराणी एकत्र नांदतात: आयलायनर रेघ ओढतं, कचऱ्याच्या डब्याचं बिन-लायनर अस्तराचं काम करतं, आणि ओशन लायनर हे ठरावीक मार्गावर, म्हणजे लाइनवर, ये-जा करणारं जहाज.

विजेकडे परत येऊ. तीन पिनांच्या सॉकेटकडे समोरून पाहिलं तर मोठं भोक वर अर्थिंगचं, उजवं लाइनचं आणि डावं न्यूट्रलचं. वायरमन लाइनला ‘फेज’ म्हणतो. बटण नेहमी फेजवर हवं. न्यूट्रलवर बसवलं तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये करंट उभा राहतो आणि बल्ब बदलताना झटका बसतो. आरसीसीबीवर (करंट गळला की पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर) ‘लाइन’ आणि ‘लोड’ असं लिहिलेलं असेल तर लाइन म्हणजे मीटरकडून आत येणारी बाजू, लोड म्हणजे घराकडे जाणारी. काही इलेक्ट्रॉनिक प्रकारांत हे उलटं जोडलं तर टेस्टचं बटण दाबताना आतली कॉइल जळू शकते. आणि संत्र्याच्या बागेतल्या थ्री-फेज मोटारीवर ‘लाइन व्होल्टेज’ लिहिलेलं असतं ते दोन फेजमधलं, साधारण ४००-४१५ व्होल्ट. एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३०-२४० मिळतात, १.७३२ पटीने कमी. मीटर चुकीच्या जोडीवर लावून ‘व्होल्टेज कमी आहे’ म्हणणारे इथेच फसतात.

सिव्हिल लाइन्स आणि पोलीस लाइन टाकळी या नावांतली लाइन रांगेची आहे. छावणीत तंबू, बराकी, तबेले रांगेने उभे करत, त्या वस्तीला ‘लाइन्स’ म्हणू लागले. लष्कराची एक, पोलिसांची दुसरी, मुलकी अधिकाऱ्यांची तिसरी. आज सिव्हिल लाइन्समध्ये सरळ रांग शोधायला गेलात तर झाडीच जास्त दिसेल. मेट्रोत मात्र शब्द शुद्ध मार्गाचा: ऑरेंज लाइन उत्तर-दक्षिण, अ‍ॅक्वा लाइन पूर्व-पश्चिम, आणि दोन्हींचा छेद सीताबर्डीला. ‘लाइन बदला’ ही सूचना तिथे अक्षरशः खरी.

खेळात ‘लाइनवर’ या शब्दावरून भांडणं होतात, कारण प्रत्येक खेळात रेघ वेगळ्या बाजूची असते. टेनिस आणि बॅडमिंटनमध्ये रेघेला स्पर्श झाला तरी आत. फुटबॉलमध्ये पूर्ण चेंडूने पूर्ण रेघ ओलांडली तरच गोल. क्रिकेटमध्ये बॅट नुसती क्रीजच्या रेघेवर टेकली असेल तर फलंदाज धावबाद. बॅटचा थोडा तरी भाग रेघेच्या आत टेकायला हवा. आणि गोलंदाजाची ‘लाइन’ जमिनीवर आखलेली नसतेच. ती चेंडूची डावी-उजवी दिशा; टप्पा जवळ की लांब, हे लेंथचं काम.

हद्दीच्या अर्थाचा सगळ्यात भीषण नमुना म्हणजे डेडलाइन. अमेरिकेच्या यादवी युद्धात अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या छावणीत १८६४ मध्ये कुंपणाच्या आत एक रेघ होती. ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. पुढे १९२० च्या सुमारास अमेरिकी वृत्तपत्रांत हा शब्द मजकूर देण्याच्या मुदतीसाठी रूढ झाला. मुदत उलटल्यावर आपले साहेब फक्त ओरडतात, हे त्या मानाने बरंच.

अर्ज, मुलाखत, ई-मेल लिहिणाऱ्यांनी काही ठिकाणी जपावं. ‘आय अ‍ॅम इन मेडिकल लाइन’ हे आपल्याकडे सगळे समजतात, बाहेर खटकतं. ‘आय वर्क इन हेल्थकेअर’ सरळ लिहावं. रांगेसाठी अमेरिकेत ‘लाइन’, इंग्लंडमध्ये ‘क्यू’. ‘टो द लाइन’मधला टो म्हणजे पायाचं बोट: शर्यतीत रेघेला बोट लावून उभं राहणं, म्हणजे शिस्त पाळणं. त्याच्या जागी गाडी ओढण्याचा ‘टो’ लिहिलेला छापील मजकुरातही सर्रास दिसतो. उच्चार एकच असल्याने कान वाचवत नाही. ‘इन लाइन विथ’ म्हणजे ‘-ला अनुसरून’, ‘अलाँग दीज लाइन्स’ म्हणजे ‘या धर्तीवर’, आणि ‘आउट ऑफ लाइन’ म्हणजे मर्यादा सोडून. ‘बॉटम लाइन’ हिशेबाच्या तळाची ओळ, म्हणजे निव्वळ नफा-तोटा. विक्रीचा आकडा वर असतो, तो टॉप लाइन. लाइन मारण्याला इंग्रजीत लाइन चालत नाही, ‘फ्लर्ट’ म्हणावं.

मराठीत लिहिताना लाइन स्त्रीलिंगी, अनेकवचन लाइनी. ‘लाइनीत उभे राहा’ हे ‘लाइनमध्ये उभे राहा’पेक्षा कानाला केव्हाही बरं. ‘लाइन्स’ फक्त विशेषनामात ठेवावं.

शेपटीला ‘लाइन’ दिसली म्हणून प्रत्येक शब्द जवसाचा नसतो. ‘अलाइन’ आणि ‘डिलिनिएट’ जवसाच्या घरचे, वंशावळीचा ‘लिनिएज’ही घरचा. पण ‘डिक्लाइन’, ‘इनक्लाइन’, ‘रिक्लाइन’ हे तिघं ‘क्लाइन’चे, लॅटिनमधल्या झुकण्याच्या धातूचे, एक खाली झुकतो, एक एखाद्या बाजूला, एक मागे रेलतो. मांजरांसाठीचा ‘फीलाइन’ तर थेट लॅटिन मांजरावरून, फेलिसवरून आलेला. त्याचा दोऱ्याशी संबंध एवढाच, की मांजराला खेळायला दोरा आवडतो.