घोडं पेंड खातंय ते इथे

मुंबईतल्या काळ्या घोड्याच्या पुतळ्यापाशी लेकीने विचारलं, "बाबा, यावर बसणारा कुठे गेला?" जुन्या पुतळ्यातला इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड 1965 मध्येच इथून राणीच्या बागेत गेला, चौकाला नाव मात्र घोड्याचंच राहिलं आणि 2017 मध्ये नवा घोडा आला तोही बिनस्वाराचा, हे सगळं साडेतीन वर्षांच्या पोरीला कसं सांगणार? "तुझी वाट बघतोय," म्हणालो आणि तिथेच फसलो. लोकलमध्ये दादर येईपर्यंत "मग मला बसव" चालू होतं. शेवटी घरीच डुलणारा घोडा करून द्यायचं कबूल केलं.

रे रोडच्या वखारीतून पाइनच्या फळ्या आणल्या, जुन्या पेट्या फोडून काढलेल्या. लाकूड वाचवायचं म्हणून पाय आडवे कापले. बसणं लांबच, नुसता हात टेकला तर एक पाय खारी बिस्किटासारखा मोडला. लाकडाच्या रेषा पायाच्या लांबीने उभ्याच हव्यात, हे वखारवाल्याने नंतर सांगितलं. हसत.

पण घोडं खरं पेंड खात होतं ते खालच्या डोलांपाशी, म्हणजे ज्यांच्यावर घोडा डुलतो त्या कमानदार फळ्यांपाशी. खिळ्याला दोरा, दोऱ्याला पेन्सिल, असा कंस काढायचा. मी दोरा घेतला दीड फुटाचा. कंस इतका गोल आला की उशी बसवून जरा ढकललं, तर घोडा शेपटीवर बसला आणि उशी टीपॉयखाली. (उशीच होती, हे बायकोला दोनदा सांगितलं.) मग दोरा तीन फुटांचा केला, डोल मागे चार बोटं वाढवले, टोकांना खालून ठोकळे मारले. आता झोका जास्त झाला की ठोकळा टेकतो आणि घोडा परत फिरतो. आयाळ सुतळीची. कान एका जुन्या पर्सचे. त्या विषयावर घरात अजून बोलणं व्हायचंय.

तिसऱ्या दिवशी खालच्या काकू वर आल्या. "रोज रात्री कुणाची वरात असते रे?" डोलांखाली सायकलची ट्यूब कापून चिकटवली. आवाज बंद. पण त्यामुळे लेक घोड्यावर आहे की उतरली, हे स्वयंपाकघरात कळेनासं झालं. परवा डोकावलो तर घोडा एकटाच डुलत होता. बसणारी खिडकीच्या ग्रिलला नाक लावून खाली ओरडत होती, "काकूआजी, तुम्ही बसता का?"