लुक्ला आज नाहीच

पहाटेपासून नेपाळमधल्या मंथली एअरपोर्टवर बसलोय आणि आत्ता सांगतात लुक्लाला (एव्हरेस्टच्या वाटेवरचं डोंगरातलं गाव) वारं सुटलंय, फ्लाईट कॅन्सल. ग्रुपमधले काका जाम भडकले, इथं तर पान हलत नाहीये म्हणे! अहो काका, तिथला रनवे 527 मीटरचा, तोही चढाचा आणि पुढे थेट डोंगर, शेवटच्या क्षणी विमान परत वर उचलायचा चान्सच नाही. उतरताना समोरचं वारं अचानक पडलं किंवा मागून फिरलं की हवेतला स्पीड झटक्यात कमी, लिफ्ट (पंखांना वर उचलणारा जोर) गेली, विमान रनवेच्या अलीकडेच खाली. ऊन चढलं की दरीतलं वारं वाढतं म्हणून तर ट्विन ऑटर (तिकडे जाणारी छोटी विमानं) सकाळी लवकर सुटतात. काकांना दोनदा चहा पाजला, आता ते पायलटच्या बाजूने भांडतायत 😄