अखेरचा शब्द बापाचा

हक्क हे लोकशाहीला बाहेरून घातलेले कुंपण आहे की बहुमताने दिलेली आणि बहुमताला परत घेता येईल अशी सवलत, हा राजकीय विचारातला जुना वाद आहे. जर्मन तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमास यांनी १९९२ च्या आपल्या कायदाविषयक ग्रंथात दोन्ही उत्तरे नाकारली. ज्यांनी कायदा पाळायचा त्यांना आपणच त्याचे कर्ते आहोत असे म्हणता आले पाहिजे. आणि कर्ते व्हायचे तर बोलण्याचे, जमण्याचे, कुणाच्या मेहेरबानीवर न जगण्याचे हक्क हाती असलेच पाहिजेत. खासगी आणि सार्वजनिक स्वातंत्र्य एकमेकांच्या आधारानेच उभे राहते, पहिले कोणतेच नाही. मांडणी मला पटते, पण ती पारखायला त्यांच्याच देशातले एक प्रकरण उपयोगी पडते.

१९४८-४९ मध्ये बॉन येथे पश्चिम जर्मनीची राज्यघटना तयार करणाऱ्या परिषदेत ६५ सदस्य होते आणि त्यांत स्त्रिया चार. त्यांपैकी एक, कासेलच्या वकील एलिझाबेथ झेल्बर्ट, यांनी ‘स्त्री आणि पुरुष समान हक्कांचे आहेत’ एवढेच वाक्य घटनेत घालण्याचा आग्रह धरला. आधीच्या वायमार घटनेत (पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन प्रजासत्ताकाच्या घटनेत) केवळ नागरी हक्कांपुरती आणि तीही ‘तत्त्वतः’ समानता होती, त्यामुळे मताचा अधिकार असूनही विवाहात कायद्याने नवराच श्रेष्ठ होता. हे वाक्य मान्य केले तर कुटुंबाचा सारा कायदा कोसळेल, या भीतीने डिसेंबर १९४८ मध्ये परिषदेच्या समितीने ते फेटाळले. झेल्बर्ट यांनी मग सभागृहाबाहेरच्या स्त्रियांना हाक दिली. महिला संघटनांकडून आणि कामगार संघटनांतल्या स्त्रियांकडून निषेधाची पत्रे बॉनला येऊ लागली आणि जानेवारी १९४९ मध्ये त्याच समितीने तेच वाक्य स्वीकारले. हाबरमास ज्याला लोकमताचे सत्तेत रूपांतर म्हणतील, ते इथे जवळून पाहायला मिळते.

पुढचा भाग मात्र त्यांच्या मांडणीत सहज बसत नाही. या वाक्याशी न जुळणारे जुने कायदे बदलायला घटनेने ३१ मार्च १९५३ पर्यंत मुदत दिली होती. संसदेने ती चुकवली. १९५३ च्या अखेरीस घटना न्यायालयाने सांगितले की समानतेचे कलम आता थेट लागू आहे. संसदेने १९५७ साली समानतेचा कायदा केला खरा, पण मुलांबाबत आईवडिलांचे एकमत झाले नाही तर अखेरचा शब्द बापाचाच ठेवला. बहुमताने रीतसर, चर्चा करून केलेला तो कायदा होता. १९५९ मध्ये न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. (आपल्याकडेही प्रौढ मताधिकार देणाऱ्या घटनेनंतर हिंदू कोड बिल रखडले होते आणि १९५१ मध्ये मंत्रिपद सोडताना बाबासाहेब आंबेडकरांनी ते एक प्रमुख कारण म्हणून नोंदवले होते.)

न्यायालयाने समाजाचे पालकत्व घेऊ नये, याबद्दल हाबरमास जागरूक आहेत. स्त्रियांच्या संरक्षणासाठी केलेले कामगार कायदे त्यांच्याच नोकऱ्यांवर कसे उलटतात हे दाखवून, कोणता फरक महत्त्वाचा आणि कोणता नाही हे संबंधित स्त्रियांनी खुल्या चर्चेतच ठरवावे, असे ते म्हणतात. ते बरोबरच आहे. पण जिला घरात आपल्या मुलाबद्दलही निर्णायक मत नाही, ती या चर्चेत बरोबरीने बसणार कशी? १९५९ चा निकाल संसदेवर मात करणारा नव्हता, असे मला वाटते. चर्चेत येण्याची वाट त्याने थोडी मोकळी केली. मात्र ‘थोडी’ हा शब्द मी जपूनच वापरतो. पत्नीने नोकरी करावी ती संसाराची कर्तव्ये सांभाळूनच, ही १९५७ च्या कायद्यातली अट या निकालानंतरही टिकली होती. ती काढली संसदेनेच, आणि त्यासाठी १९७७ साल उजाडावे लागले.