पांढरी पुढची डावी

नव्या कार स्टिरिओच्या मागं वायरींचा जो झुबका येतो, त्यातले रंग मला तोंडपाठ आहेत. स्पीकरांच्या वायरी अशा: पांढरी पुढची डावी, करडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी. प्रत्येक रंगाच्या दोन, त्यांतली काळा पट्टा असलेली ती मायनस. पिवळी कायम करंटची, लाल चावी फिरवल्यावरची, काळी बॉडीला. कशाला पाठ केलं, विचारू नका. काही बायकांना आरत्या येतात.

पण हे सगळं स्टिरिओच्या बाजूचं. गाडीतून येणाऱ्या वायरींना या पांढऱ्या-करड्याचं काही सोयरसुतक नसतं. प्रत्येक कंपनीचे रंग आपले आपले, आणि कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत वेगळे. त्यामुळं रंग पाठ असलेला माणूस निम्म्या वाटेपर्यंतच शहाणा असतो.

परवा दुपारी भाचा आला. सेकंड हँड गाडी, नवा कोरा स्टिरिओ आणि मोबाइलवर एक व्हिडिओ. आधीच्या मालकानं गाडीचा मूळचा कपलर, म्हणजे सगळ्या वायरी एकत्र जोडणारा प्लास्टिकचा खटका, पक्कडीनं उडवला होता. कपलर शाबूत असता तर त्यात बसणारी वायरींची तयार शेपटी, पिगटेल, बाजारातून आणून खट्कन बसवली असती नि पाच मिनिटांत चहाला बसलो असतो. चालू कपलर कापणाऱ्या माणसांबद्दल माझं मत फार वाईट आहे. पुस्तकाची पानं दुमडणाऱ्यांपेक्षाही वाईट.

“आत्या, हा म्हणतो पांढरी ड्रायव्हर साइडला.”

“तो कुठला आहे?”

अमेरिकेतला होता. तिकडं ड्रायव्हर डावीकडं बसतो, म्हणून पांढरी ड्रायव्हरची. आपल्याकडं ड्रायव्हरची करडी. तरी आपले गॅरेजवालेही सर्रास ‘ड्रायव्हर साइड’, ‘क्लीनर साइड’ असंच बोलतात, डावं-उजवं म्हणत नाहीत. घरच्या हॅचबॅकला क्लीनर कुठला? पण साइड आहे.

चार स्पीकरांची आठ मोकळी टोकं. आठ वायरींतून दोन-दोनच्या जोड्या काढायच्या तर त्या 28 होतात, त्यांतल्या कामाच्या फक्त 4. भाच्यानं मीटर लावला. एका जोडीवर साडेतीन ओहम आलं, तसा म्हणाला, “स्पीकर गेलाय. मागं तर 4 ओहम लिहिलंय.” गेलेला नव्हता. 4 ओहमचा स्पीकर मीटरवर थोडा कमीच दाखवतो. मीटरनं चारही जोड्या सापडल्या, पण कुठली जोडी कुठल्या दाराची हे मीटर सांगत नाही.

मग मी भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला.

दीड व्होल्टचा साधा पेन्सिल सेल. त्याच्या दोन टोकांना जोडीच्या दोन वायरी क्षणभर टेकवायच्या. गाडीत कुठंतरी ‘टप’ होतं. एवढंच. पण मला हा आवाज फार आवडतो. बाकी सगळं गाणं, बातम्या, मॅपवाल्या बाईचं ‘उजवीकडे वळा’ हे बाहेरून आलेलं असतं; हे ‘टप’ मात्र स्पीकरचं स्वतःचं. भाचा मागच्या सीटवर बसून ओरडत होता, “मागचा डावा! परत कर! हां, डावाच!” जाळीतून टॉर्च मारून पडदाही बघायचा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लागला असेल तर पडदा बाहेर येतो, उलटं असेल तर आत जातो. चौथी जोडी आवाज देईना. दाराच्या बिजागरीशी जी रबराची नळी असते, तिच्यात वायर तुटली होती. दार उघडून-मिटून तिथंच तुटते, दुसरीकडं क्वचित.

भाच्याला एकच गोष्ट निक्षून सांगितली. स्पीकरचा मायनस बॉडीला लावायचा नाही. जुन्या टेपांत चालायचं, एक वायर स्पीकरला आणि दुसरी सरळ पत्र्याला. आताच्या स्टिरिओत तसं केलं तर आतला आयसी, म्हणजे आवाज वाढवणारी चिप, धूर सोडतो. त्यानं मान हलवली. घड्याळ दिवसभर बंद राहिलं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

‘उलटं लागलं तर काय होतं?’ हे त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मला मिरजेला जावं लागलं असतं.

मिरजेत अण्णांची प्रीमियर पद्मिनी होती आणि मागच्या काचेखालच्या फळीवर दोन स्पीकर. बसवणाऱ्यानं त्यातल्या एकाच्या वायरी उलट जोडल्या होत्या. म्हणजे एकाचा पडदा पुढं आला की दुसऱ्याचा मागं जायचा, आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकायचे. हे कुणाला ठाऊक नव्हतं. गाणं लागत होतं, आम्ही खूश होतो. मागच्या सीटवर मधोमध बसलं की आवाज कुठून येतोय कळायचं नाही. कानांच्या मागून, टपातून, कधी डोक्याच्या आतून. गाडीतलं गाणं असंच असतं, अशी माझी समजूत.

एकदा अण्णांनी सतारमेकर गल्लीतल्या एका चाचांना सांगलीपर्यंत सोडायला घेतलं. आयुष्यभर भोपळे कोरलेला, तारांना झंकार देणारी जवारी काढलेला माणूस. सांगली आकाशवाणीवर कुणीतरी ख्याल गात होतं. चाचा थोडा वेळ ऐकत राहिले, मग मागं वळून फळीकडं बघितलं.

“अण्णा, गाणारा बसलाय कुठं?”

अण्णांना कळेना.

“आणि डग्ग्याला पोट नाही.”

चाचांना फेज, प्लस-मायनस काही माहीत नव्हतं. अण्णांना होतं. घरी आल्यावर त्यांनी विजेरीतला सेल काढला, दोन्ही स्पीकरांना लावून बघितला. एक बाहेर, एक आत. मागच्या दोन वायरींची अदलाबदल केली, झालं. गाणारा फळीच्या मधोमध येऊन बसला. डग्ग्याला पोट आलं. अण्णांनी चाचांना मुद्दाम बोलावून ऐकवलं, दोघंही खूश.

मला मात्र रडू आलं. गाणं आता फक्त मागून येत होतं, डोक्यात येत नव्हतं. आधीचं होतं तसं करा, म्हणून मी हट्ट धरला. अण्णा म्हणाले, “अगं, ते चुकीचं होतं.” असेल.

अजूनही कुणाच्या गाडीत बसल्यावर तो पोकळ, कुठूनच न येणारा आवाज आला की मला लगेच कळतं, मागचा एक उलटा लागलाय. दोन वायरींचं काम. सांगायला हवं. गेल्या महिन्यात कोल्हापूरला जाताना टॅक्सीत अगदी तस्साच लागला होता. मी सीटवर मधोमध सरकून बसले. ड्रायव्हरदादांनी आरशातून बघितलं.

“आवाज कमी करू का, ताई?”

“नको, वाढवा की थोडा.”