परातीतला उजेड

खंडेनवमीला बेळगावात, आमच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथपासून व्हर्निअरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं, झेंडूच्या माळा चढतात. यंदा ती पूजा आटोपून घरी आलो आणि देव्हाऱ्यापुढच्या पाटावर आणखी तीन वस्तू मांडल्या. जुना निकॉन कॅमेरा, वेल्डिंगची एक काळी काच आणि आईची कणीक मळायची परात. परातीला कुंकू लावता लावता आईनं विचारलं, "ही कुठलं आयुध रे?"

"शनिवारी दाखवतो," म्हटलं.

मी लेथवर, म्हणजे धातू फिरवून कातायच्या यंत्रावर, काम करतो. फोटोग्राफी शिकायला कुठं गेलो नाही. सहा वर्षांपूर्वी सेकंडहँड कॅमेरा घेतला, 18-55ची लेन्स त्याच्यासोबतच आली, आणि तेव्हापासून सुट्टीचा प्रत्येक दिवस त्याच्या पाठी जातो. शहापूरच्या आमच्या घरात केलेले प्रयोग आणि यंदाच्या दसऱ्यानंतरची दोन दिवसांची भटकंती, असं दोन्ही मिळून हे लिहितोय, कारण माझ्या मनात ती दोन्ही वेगळी काढता येत नाहीत.

सुरुवात किल्ल्यातल्या कमल बस्तीपासून करायला हवी. बेळगावात राहणाऱ्याला किल्ला म्हणजे रोजचा रस्ता. पण आत ही रट्ट राजांच्या काळातली जैन बस्ती, म्हणजे मंदिर, आहे, 1204 सालची. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं ती बांधली. गाभाऱ्यात नेमिनाथ आहेत. बाहेरच्या मंडपात उभं राहून मान वर केली की छताला उलटं उमललेलं दगडी कमळ दिसतं. पाकळ्या 72. मागच्या, चालू आणि येणाऱ्या काळातले प्रत्येकी 24 तीर्थंकर, असा त्याचा हिशेब सांगतात. दोन वर्षांपूर्वी मी त्या कमळाचा फोटो काढला होता, फ्लॅश मारून. घरी येऊन कॉम्प्युटरवर उघडला तर कमळ सपाट. पाकळ्या होत्या, पण चुन्यानं रेघा ओढाव्यात तशा. डोळ्यांनी जे पाहिलं होतं त्यातलं काहीच त्यात नव्हतं, आणि ते मला फार लागलं.

कारण कळायला पुढचा पावसाळा जावा लागला.

बेळगावच्या पावसात चार-चार दिवस बाहेर पडता येत नाही. अशा वेळी घरातच काहीतरी चालू असतं. उघडीप मिळालेल्या एका रविवारी मी मधल्या खोलीची गल्लीकडची खिडकी काळ्या कार्डशीटनं बंद केली, फटींना चिकटपट्टी लावली आणि मधोमध करंगळी जाईल एवढं भोक पाडलं. दार लावून आई आणि मी अंधारात बसलो. पहिली पाच-सात मिनिटं काहीच नाही. मग डोळे निवळत गेले तशी समोरच्या भिंतीवर आमची गल्ली उतरायला लागली. उलटी. कौलं खाली, रस्ता वर, आणि त्या रस्त्यावरून डोकं खाली करून चाललेला दूधवाला. रंगासकट! उजेड सरळ रेषेत चालतो. कौलावरून निघालेला किरण भोकातून भिंतीच्या तळाशी जातो, रस्त्यावरचा वर चढतो, म्हणून चित्र उलटं. एवढंच त्यामागचं शास्त्र. पण समोरच्या घरातली आजी परडी घेऊन फुलं तोडायला बाहेर आली आणि ती आमच्या भिंतीवर चालताना दिसली, तेव्हा आईनं माझा हात घट्ट धरला.

भोक मोठं करून पाहिलं. चित्र उजळलं, पण पुसट झालं. लहान केल्यावर रेखीव झालं आणि काळोखलं. अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, हा शब्द मी शंभर वेळा वाचला होता, कळला तो त्या भिंतीवर. आयएसओ (उजेड टिपायची कॅमेऱ्याची ताकद) 800 आणि शटर 30 सेकंद धरून त्या भिंतीचा काढलेला फोटो आजही माझ्या आवडत्या फोटोंपैकी आहे.

त्याच दिवशी दुसरी गोष्ट घडली. कागद काढून खोली आवरत होतो. परसात घासून उन्हाला लावलेल्या परातीवरून ऊन उडालं आणि मागच्या दारातून थेट मधल्या खोलीच्या तुळईवर तिरकं पडलं. इतकी वर्षं त्या तुळईखाली झोपलोय, पण सुताराच्या रंध्याच्या खुणा तिच्यावर आहेत हे मला त्या दिवशी दिसलं. एकेक लाट वेगळी.

आणि मला एकदम कारखाना आठवला. जॉबचं, म्हणजे कातलेल्या भागाचं, फिनिशिंग बघायचं असेल तर आम्ही बॅटरी समोरून मारत नाही, आडवी धरतो. पृष्ठभागाला लागून उजेड सरपटत गेला की टूलची प्रत्येक रेघ स्वतःची सावली टाकते. समोरून मारला की सगळं गुळगुळीत दिसतं, खराब जॉबसुद्धा. मी रोज हे करतो. आणि कमळावर मात्र समोरून फ्लॅश मारला होता.

मग महिनाभर उजेड कसा वळवायचा याच्याच मागं लागलो. आरशानं वळवला तर कडक चकंदळ पडतं, त्याच्या कडेला लगेच अंधार. थर्माकोलच्या पांढऱ्या शीटनं मऊ पडतो, पण चार हातांच्या पुढं पोचत नाही. दुकानातून नवीकोरी स्टीलची परात आणली, ती आरशाचीच बहीण निघाली. आईची परात मात्र तीस वर्षं कणीक मळून आणि राखेनं, काथ्यानं घासून बारीक ओरखड्यांनी भरलेली. तिच्यावरून उडालेलं ऊन लांब जातं आणि तरी पसरलेलं असतं. तिच्या काठावर बाबांचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली आहे. बाबा गेले त्याला आता अकरा वर्षं झाली.

शनिवारी सकाळी सातला आम्ही किल्ल्यात होतो. आईला घेऊनच निघालो होतो, कारण परात तिच्याशिवाय कुणाच्या हातात द्यायची माझी तयारी नव्हती. "मी धरतो की, तू तुझं बघ," असं म्हणून ती मंडपाच्या कडेला उन्हात जाऊन उभी राहिली. (आमच्याकडे बायका 'धरतो', 'येतो' असंच बोलतात. पुण्यातले पाहुणे दर वेळी चमकतात.) ट्रायपॉड नेला नव्हता. कॅमेरा घडी घातलेल्या पंच्यावर जमिनीवरच उताणा ठेवला, लेन्स बरोबर कमळाच्या मधोमध आली का ते दोनदा पाहिलं, दहा सेकंदांचा टायमर लावला आणि बाजूला झालो. शटर चार सेकंद उघडं राहणार होतं. तेवढ्या वेळात आईनं परात सुपासारखी हळूहळू हलवायची, म्हणजे उजेड छतावरून एका कडेनं फिरेल, एका जागी डाग पडणार नाही. अकरा वेळा केलं. आठव्या वेळी जमलं. पाकळ्यांच्या प्रत्येक ओळीच्या मागं सावली होती, आणि कमळ छतातून खाली आलं होतं.

तिथले खांबही त्या उजेडात पाहिले. ते कातीव आहेत, दगड फिरवून कातलेले. गोल पट्ट्या, खाचा, कडा, सगळं एका अक्षावर. मी बोट फिरवून पाहिलं. आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी हे काम केलं, आणि ते काम माझ्या जातीचं आहे, लेथवाल्याचं. त्या माणसाचं नाव कुठं राहिलं नाही. मी त्या खांबांचे चाळीस फोटो काढले.

तिथून खानापूर, नंदगड करत हलशीला गेलो. पावसाळ्यानंतरचा तो रस्ता, दोन्हीकडे पोटरीला आलेलं भात आणि मधूनच खानापुरी कौलांची घरं, गाडी थांबवावीशी वाटणारच. थांबलो नाही, कारण ऊन वर चढत होतं. हलशी म्हणजे कदंबांची जुनी पलाशिका. भूवराह नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत, एकात वराह आणि दुसऱ्यात नरसिंह, मधे मंडप. आत पूजा चालू होती. देवाच्या तोंडावर ऊन मारायचं नाही हे आईनं गाडीतच बजावलं होतं. आम्ही दर्शन घेतलं, मंडपाच्या फरशीवरचे दोन-चार फोटो काढले आणि बाहेर पायरीवर बसून दशम्या खाल्ल्या. हलशीचे माझे फोटो साधारण आले आहेत. पण ते गाव मला सगळ्यांत आवडलं. पुन्हा जाईन, पहाटे जाईन.

देगावला पोचेपर्यंत तीन वाजले. इथलं कमल नारायण मंदिर गोव्याच्या कदंबांचं, 12व्या शतकातलं. शिवचित्त पेर्माडी राजाची राणी कमलादेवी हिनं ते बांधवलं, आणि शिल्पकाराचं नाव इथं मात्र टिकलं आहे. तिप्पोज. किल्ल्यातल्या खांबांपाशी जे मनात राहिलं होतं, ते इथं थोडं शांत झालं.

तिरपं ऊन आधीच मंडपात शिरायला लागलं होतं, आम्ही त्याला फक्त पुढं नेलं. आईनं परात धरली, उजेड आतल्या नक्षीवर सरकत गेला. तिथं सावलीला टेकून बसलेले एक म्हातारे आजोबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "बेळकु बंतु नोड्री." उजेड आला, बघा. त्यांना मराठी येत नव्हतं, आईला कन्नड थोडं येतं. दोघं मिळून परात कुठल्या कोनात धरायची हे ठरवायला लागले. आजोबा वर बोट दाखवून "मेले, मेले" म्हणत, आई परात उचलत असे. ते इतकी वर्षं त्या देवळात येतात, छताचा कुठला कोपरा कधी पाहिला नव्हता हे त्यांना माहीत होतं, आणि आज तो त्यांना पाहायचा होता. तासभर गेला. शेवटची अर्धी घटका मी फोटो काढलेच नाहीत, नुसता त्यांच्या बोटामागं बघत राहिलो.

रविवारी गोकाक. बेळगावपासून साठेक किलोमीटर. तिथं परातीचं काम नव्हतं, उलट उजेड फार होता. म्हणून वेल्डिंगची काच.

ही काच 10 नंबरची, आमच्या शेजारच्या फॅब्रिकेशन शॉपमधून आणलेली. ती साधारण सात हजारांतला एक भाग उजेड आत सोडते. भर उन्हात आयएसओ 100 आणि अॅपर्चर एफ 11 धरलं तर शटर 1/200 सेकंद लागतं. त्याला सात हजारांनी गुणलं की पस्तीस-छत्तीस सेकंद होतात. गच्चीवर ताडून पाहिलं तेव्हा माझ्या काचेला चाळीस बरोबर बसले. वाहतं पाणी शटरला कसं दिसतं हे त्याआधी स्वयंपाकघरातल्या नळाखाली शिकलो होतो. 1/1000 ला थेंब सुटे मणी होतात, 1/60 ला दोरी, 1/4 ला दुधाची धार. (पाणी आमच्याकडे रोज येत नाही. खाली बादली होती आणि ते सगळं तुळशीला, जास्वंदीला गेलं.) एकच अडचण, काचेतून सगळं हिरवं दिसतं. म्हणून फोटो कृष्णधवल करायचा हे आधीच ठरवून टाकलेलं.

घटप्रभा तिथं 52 मीटर खाली उडी घेते, कडा घोड्याच्या नालेसारखा वळलेला. ऑक्टोबरात पाण्याचा तांबूस रंग अजून उतरलेला नसतो. रविवार असल्यानं काठावर माणूस मावत नव्हता. मुलं, सेल्फी, कणसंवाले. झुलत्या पुलावर ट्रायपॉड लावून उपयोग नाही, पाऊल पडलं की सगळा पूल हलतो. मागं सपाट खडक बघून तिथं उभा केला. फोकस आधी करून घेतला, कारण काच लावल्यावर काहीच दिसत नाही. मग लेन्सवर काच रबरबँडनं बांधली, बल्ब मोड (हवा तितका वेळ शटर उघडं ठेवायला), रिमोट.

आई पुढच्या खडकावर जाऊन बसली होती, पाठमोरी. लग्नानंतर बाबांनी तिला पहिल्यांदा कुठं नेलं असेल तर ते गोकाकला, एसटीनं. हे ती गाडीत बोलली होती, एवढंच, पुढं काही नाही. मी तिला हाक मारणार होतो, चौकटीतून बाजूला हो म्हणून. मारली नाही. बटण दाबलं आणि मोबाईलवर सेकंद मोजायला लागलो.

चाळीस सेकंद फार मोठे असतात. तिच्यापुढून शाळेची सहल गेली, एक जोडपं गेलं, फुगेवाला गेला, कुणीतरी थांबून वळून पुन्हा गेलं.

रात्री घरी कॉम्प्युटरवर तो फोटो उघडला. गर्दीतलं कुणीही त्यात नव्हतं. जे हलत होते ते काचेनं धरलेच नाहीत. कड्यावरून खाली नुसतं धुकं उतरत होतं, काळा ओला खडक होता, आणि त्यावर एकटी आई. इतकी स्थिर, की वेणीतला गजरा मोजता यावा. पदराचं टोक तेवढं वाऱ्यानं पुसट झालं होतं.

आई मागं येऊन उभी राहिली. बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, "लोक कुठं गेले सगळे?" आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली.