तुम्ही विचारलंत म्हणून: पुसायचंच तर काढायचं कशाला?

मी वेंगुर्ल्याकडच्या एका शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे हा प्रश्न पालकांपासून मासेवालीपर्यंत सगळे मलाच विचारतात. तिबेटी भिक्खू रंगीत वाळूचं मंडल, म्हणजे भौमितिक रेघांची धार्मिक आकृती, दिवसेंदिवस खपून काढतात आणि शेवटी सगळी वाळू गोळा करून वाहत्या पाण्यात सोडून देतात, तो व्हिडिओ कोणीतरी ग्रुपवर टाकतं आणि लगेच मला मेसेज, "मॅडम, पुसूचाच आसा तर काढूचा कित्याक?"

आता बघा, सगळ्यांचं लक्ष त्या पुसण्यावर जातं, कारण व्हिडिओत तेवढंच असतं, आधीचे दिवस कोण बघत बसतंय. चाकपूर म्हणून धातूची निमुळती नळी असते, तिच्या अंगावर खाचा, त्यावर दुसरी कांडी घासत राहिलं की थरथरीने वाळू बारीक धारेत पडते, आणि हे लोक तासन्‌तास ओणवे होऊन तेच करतात. पुसणारच आहे म्हणून कोणी हात सैल सोडत नाही. 1988 मध्ये दलाई लामांच्या नामग्याल मठाच्या भिक्खूंनी न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये सगळ्यांसमोर कालचक्र नावाचं मंडल काढलं होतं, ते लोकांनी असं रोज बघितलं, शेवटच्या दिवशी नुसतं नाही.

माझा लाडका मात्र वुल्फगांग लाइब. जर्मन माणूस, शिकला डॉक्टरकी आणि झाला आर्टिस्ट. 1975 पासून तो मिल्कस्टोन करतोय. पांढऱ्या संगमरवराची लादी, वरून अगदी किंचित खोलगट घासलेली आणि त्यात काठोकाठ दूध. दगड कुठे संपला नि दूध कुठे सुरू झालं ते कळतच नाही, सगळा एकच भरीव ठोकळा वाटतो, आणि प्रत्यक्षात वरचा थर बोट लावलं तरी हलेल असा. पण दूध नासतं ना! म्हणून रोज काढायचं, लादी धुवायची, पुसायची, परत भरायचं, प्रदर्शन आहे तोवर. आमच्याकडे पावसाने खळं उखडतं, मग पाऊस सरला की माती घालून चोपण्याने चोपायचं, शेणाने सारवायचं, पुढच्या वर्षी परत तेच, पण आईला कधी कोणी विचारलं नाही की वाहूनच जाणार तर चोपतेस कशाला.

चीनचा झांग हुआन देवळांतल्या उदबत्त्यांच्या राखेचा बुद्ध करतो, समोर त्याचाच ॲल्युमिनियमचा साचा, आणि राख हळूहळू ढासळत जाते. 2015 मध्ये सिडनीत केला होता. भारी आहे, पण मला जरा नाटकी वाटतं. अनित्य दाखवायला ढासळूनच दाखवलं पाहिजे असं थोडंच आहे, सांभाळण्यातही ते दिसतंच की. मुलांना पुळणीवर चित्रं काढायला नेते तेव्हा माझा एकच नियम, भरती येणार म्हणून रेघ कशीही मारायची नाही.

आमच्या घरी 'अनिच्चा वत संखारा' (पाली ओळ, म्हणजे घडलेलं सगळं अनित्य आहे) लहानपणापासून कानावर, मयताच्या घरी म्हणतात म्हणून त्याची थोडी भीतीच वाटायची. नंतर संयुत्त निकाय या पाली बौद्ध ग्रंथातलं फेणपिंडोपम सुत्त, म्हणजे फेसाच्या गोळ्याच्या उपमेचा उपदेश, वाचलं आणि गंमत वाटली. शरीर म्हणजे फेसाचा गोळा, वेदना (म्हणजे सुखदुःखाची जाणीव) बुडबुडा, संज्ञा (वस्तू ओळखणं) मृगजळ, संस्कार (मनाच्या घडणी) केळीचं खोड, विज्ञान (सायन्स नव्हे, जाणतं मन) जादूगाराचा खेळ. टणक लाकूड शोधायला निघालेला माणूस केळ तोडतो आणि सोपटं सोलत बसतो, आत लाकूड सापडतच नाही. कोकणी माणसाला हे समजावून सांगायला नको, घड उतरवला की परसात हेच तर करतो आपण (आतला कोवळा दांडा भाजीला घेतो, ते सोडा).

कोरियात जन्मलेला व्हिडिओ आर्टिस्ट नाम जून पाइक, त्याचा 1974 चा टीव्ही बुद्धही मुलांना दाखवते. बुद्धाची मूर्ती, समोर टीव्ही, कॅमेरा मूर्तीवर, म्हणजे बुद्ध स्वतःलाच लाइव्ह बघतोय. नववीतली पोरं लगेच, "मॅडम, सेल्फी!" झालं, पुढचं लेक्चर मी गुंडाळलं.

मिल्कस्टोनवर मात्र सहावीतल्या एका पोरीने हात वर केला आणि विचारलं की एवढं दूध रोज फुकट जातं त्याचं काय. प्रश्न रास्त आहे, फक्त श्रावणी सोमवारी पिंडीवर ओततात तेव्हाही विचार म्हटलं. तर म्हणाली, घरी विचारलंय, ओरडा बसला.