कुठल्या दिवशीचा वेळ लिहू?

आमच्या सर्व्हेच्या फॉर्मवर सातवा प्रश्न असतो, घरातून निघाल्यापासून पोचेपर्यंत किती वेळ लागतो. एसटी स्टँडवर, रेल्वे स्टेशनबाहेर, आठवडी बाजारात, सगळीकडे मी हा प्रश्न विचारलाय आणि लोक पटकन सांगतात, अर्धा तास, पाऊण तास, की पुढचा प्रश्न. मागच्या हिवाळ्यात एका खाडीच्या धक्क्यावर बारावीतल्या एका मुलीने मला उलट विचारलं, "ताई, कुठल्या दिवशीचा लिहू?" त्या दिवसाबद्दल लिहायचंय. गावाचं नाव लिहीत नाही, कारण चूक आमच्याच टीमची होती आणि त्यात गावाचं नाव यायचं काही कारण नाही.

आधी थोडं कामाबद्दल. मी वाहतूक नियोजनात काम करते, म्हणजे कुठल्या गावाला कुठली गाडी, कुठे नवीन फेरी पाहिजे, कुठली बंद केली तर चालेल, असे तालुक्याचे आराखडे आम्ही करून देतो. कोकणात हे काम वेगळं आहे. ६६ नंबरचा हायवे आणि कोकण रेल्वे दोन्ही उत्तर-दक्षिण जातात, तेही आतल्या बाजूने, आणि माणसं राहतात किनाऱ्याला, मध्ये सह्याद्रीतनं उतरणाऱ्या नद्या एकेक करून खाडी होऊन समुद्राला मिळतात, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, अशी रांगच आहे. समोरच्या काठावरच्या देवळातली आरती ऐकू येते पण रस्त्याने जायचं तर वर पूल गाठून परत खाली यायचं. दापोली-गुहागरवाल्यांना हे सांगायला नको, दाभोळ-धोपावे फेरीत गाडी चढवता यायला लागली तेव्हा खेड-चिपळूणचा किती मोठा वळसा वाचला ते त्यांनाच माहिती. सागरी महामार्गाचं तर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून, म्हणजे १९८० च्या सुमारापासून ऐकतोय. पण जिथे पूल नाही आणि मोठी फेरीबोट पण नाही तिथे अजून ‘तर’ चालते. ‘तर’ म्हणजे मशीनची होडी, माणसं, माशांच्या पाट्या, फारतर दोन मोटरसायकली.

अशाच एका तरीच्या पलीकडच्या धक्क्यावरनं सकाळी ७.४० ला तालुक्याला जाणारी एसटी होती. भारमान, म्हणजे गाडीच्या किती जागा भरतात ते प्रमाण, कमी म्हणून ती फेरी बंद करायच्या यादीत होती आणि आमच्या रिपोर्टवर निर्णय व्हायचा होता. सर्व्हेचा दिवस मी ठरवला. नियमाप्रमाणे अगदी व्यवस्थित बघून बुधवार घेतला, सोमवार नाही, सुट्टी नाही, बाजाराचा दिवस नाही, आसपास जत्रा नाही.

पहाटे पावणेसहाला मी आणि मोजणीची दोन मुलं धक्क्यावर पोचलो. अंधार होता, काही कळलं नाही. उजाडलं तसं बघितलं तर धक्क्यासमोर पाणीच नाही. नुसता काळा चकाकणारा चिखल, त्यात एक होडी कलंडलेली, आणि पाण्याची धार लांब, दोनेकशे पावलं तरी पुढे. पहिली होडी आली ती तिथेच त्या धारेत थांबली. माणसं उतरली आणि चिखलातनं चालायला लागली. एक मासेवाली मावशी, पदर खोचलेला, डोक्यावर पाटी, एका पायावर सगळा भार देऊन दुसरा पाय उपसून काढत होती, प्रत्येक पावलाला चिखलातनं पक् असा आवाज यायचा. मधे एके ठिकाणी ती थांबून वाकडी वळून गेली, नंतर कळलं तिथे खडकावर कालवं आहेत, त्यांची शिंपलं पाय कापतात.

७.४० ला एसटी आली, धक्क्यावर तिघं चढले, गाडी गेली. मुलांनी फॉर्मवर लिहिलं. सात ते नऊ या वेळात आमच्याकडे सगळी मिळून चौदा माणसं झाली. मी मनातल्या मनात रिपोर्टमधलं वाक्य पण तयार केलं होतं, की मागणी कमी, फेरी साडेनऊच्या गाडीत विलीन करावी. हे लिहिताना मला अजून वाईट वाटतं.

ती मुलगी आठ वाजून गेल्यावर आली. शूज गळ्यात अडकवलेले, सॅक पोटाशी, प्रॅक्टिकलची जर्नल प्लास्टिकच्या पिशवीत घालून डोक्यावर धरलेली, गुडघ्यापर्यंत चिखल. गाडी गेलेली बघितली आणि काही न बोलता धक्क्याच्या पायरीवर बसून सुक्या गवताने पाय पुसायला लागली. मी फॉर्म घेऊन गेले आणि सातवा प्रश्न विचारला, तेव्हा ती ते बोलली. कुठल्या दिवशीचा लिहू. पाणी असेल तर पाऊण तास, नसेल तर अडीच, आणि पहिलं लेक्चर जातंच, आज तर प्रॅक्टिकल होतं.

मी बाजूला बसलेल्या तरवाल्या मामांकडे बघितलं. ते म्हणाले, "आज बीज ना बाय. तिथीची पाऊणपट कर. बीज म्हंजे दोन, दोनाची पाऊणपट दीड. दीडला भरती पुरी. त्याच्या सवासहा तास आदी सुकती. म्हंजे सवासातला पाणी तळाला. मी होडी लावू कुठं?" मग म्हणाले, "अष्टमीला ये. उभं राहायला जागा नाय मिळायची."

मी लांज्याची, म्हणजे किनाऱ्यापासून आतली. पाऊस कळतो, दरडी कळतात, पण हे पाऊणपटीचं गणित मला आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी कळलं. भरतीची वेळ रोज पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला खाडी भरलेली, साडेसातलाही होडी थेट धक्क्याला. आणि पुनवेला-अमावस्येला आणि नंतरचे दोनतीन दिवस उधाण असतं, भरती मोठी तशी सुकतीही खोल, नेमकी सकाळी शाळा-कॉलेजच्या वेळेला. मी वार बघितला होता, सुट्टी बघितली होती, तिथी बघितली नव्हती. हायवेवर सलग सात दिवस वाहनं मोजतात, आम्ही तरीला एकच दिवस दिला होता, आणि खरं बघायला गेलं तर इथे सात दिवसही पुरत नाहीत, पूर्ण पंधरवडा लागतो.

तिथनंच ऑफिसला फोन केला. सर म्हणाले एका दिवसाचंच बजेट आहे, डेटा मिळालाय ना, मग झालं. मी म्हटलं सर, आपण खाडी रिकामी असताना माणसं मोजली. बराच वेळ बोलणं झालं, शेवटी एक दिवस मिळाला. पुढच्या मंगळवारी अष्टमीला परत गेलो. तीच वेळ, सात ते नऊ, एकाहत्तर माणसं. होडी धक्क्याला टेकत होती आणि ती मासेवाली मावशी कोरड्या पायांनी उतरली.

पण दोन दिवसांवर कोण विश्वास ठेवणार, म्हणून आगारात गेले. तिथल्या क्लार्क मॅडमनी त्या गाडीची तीन महिन्यांची वेबिलं, म्हणजे कंडक्टरने भरलेले तिकिटांचे हिशोब, काढून दिली. टेबलासमोर भिंतीवर कॅलेंडर होतंच. मी प्रत्येक तारखेपुढे पेन्सिलने तिथी लिहीत गेले आणि शेजारी त्या धक्क्यावर फाटलेली तिकिटं. पहिल्या दीड महिन्यातच दिसायला लागलं. षष्ठीपासून त्रयोदशीपर्यंत गाडी भरलेली, पौर्णिमा किंवा अमावस्या आली की चतुर्थीपर्यंत आकडा पडलेला, मग परत वर. त्याच पडलेल्या दिवशी साडेनऊच्या गाडीला गर्दी. महिन्याची सरासरी काढली की हे सगळं सपाट होऊन "भारमान कमी" एवढंच उरतं. क्लार्क मॅडम उठून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, अहो हे तर भरती-सुकतीचं कोष्टक झालं.

गाडी रोजच पंचवीस मिनिटं उशिरा सोडा, हा माझा पहिला प्रस्ताव होता आणि तो चुकीचा होता. ती मुक्कामी गाडी, तालुक्याला पोचून तिला लगेच शाळेची फेरी करायची असते, ड्रायव्हर-कंडक्टरची ड्युटी त्याला बांधलेली. उपाय सांगितला त्या गाडीच्या कंडक्टर ताईंनी. मुक्कामाच्या गावातनं निघून गाडी फाट्यावर येते, तिथनं आधी धक्का करते, परत फाटा, मग सड्यावरची, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावरची वाडी, परत फाटा आणि तालुका. त्या म्हणाल्या, सुकतीच्या दिवशी आधी सडा करू, मग धक्का. सुटायची वेळ तीच, पोचायची वेळ तीच, डिझेल तेवढंच, फक्त धक्क्यावर गाडी आठ-सव्वाआठला. एवढ्या वेळात चिखल तुडवून माणसं वर येतात.

आगारात शंका होती की असं दर पंधरवड्याला बदलणारं वेळापत्रक लोकांच्या लक्षात राहील का. मी कोकण रेल्वेचं उदाहरण दिलं, पावसाळ्यासाठी तिचं टाईमटेबल दरवर्षी जूनपासून वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात म्हणून, आणि आपण सगळे ते पाळतो. पावसासाठी होतं तर पाण्यासाठी का नाही. आणि ज्या गावात चतुर्थी-एकादशीचे उपास घरोघरी आहेत तिथे तिथी कुणाला समजवावी लागत नाही. तीन महिन्यांसाठी करून बघायचं ठरलं.

खरा उपाय म्हणजे धक्क्याचा उतार पाण्याच्या धारेपर्यंत लांबवणं. तो आराखड्यात पहिल्या नंबरला घातलाय, पण सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांची परवानगी लागणार आहे, बाजूला कांदळवन आहे, गाळ परत किती साठेल ते तपासायचंय. तोपर्यंत चिखल आहेच. पावसात वारा सुटला की तर बंदच असते, त्याचं उत्तर आमच्या आराखड्यात अजून नाहीये.

पहिल्या बिजेला मी मुद्दाम गेले. धक्क्यावर मुलांनी ऑइलपेंटने बोर्ड लिहिलाय, पुनव-अवस ते चौथ, गाडी ८.१०, बाकी दिवस ७.४०. कुणीतरी पाय धुवायला पाण्याचा ड्रम ठेवलाय. गाडी आली तेव्हा एकोणीस माणसं उभी होती, ती मुलगी पण होती, ड्रमपाशी पाय धूत होती, तिने हात केला. पण सड्यावरचे एक आजोबा जुन्या वेळेला वाडीच्या थांब्यावर आले, गाडी त्यांच्या आधीच सड्यावरनं उतरली होती, त्यांना साडेनऊपर्यंत बसावं लागलं. तालुक्याला बीपीच्या गोळ्या घ्यायला निघाले होते. बोर्ड आम्ही धक्क्यावर लावला, सड्यावर लावायचा राहिला. तिथल्या शाळेच्या भिंतीची परवानगी सरपंचांनी दिलीय, रविवारी रंगाचा डबा घेऊन जातोय.